काटेसाहेबांची बिनमापाची सुट्टी

वजनमापे निरीक्षकाचं स्वतःचं वजन किती असावं, याबद्दल खात्याच्या नियमावलीत एक ओळही नाही. काटेसाहेबांनी ती पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत चाळून पाहिली होती. तरीही भर बाजारात ते एखाद्या दुकानाचा तराजू तपासायला वाकले आणि शर्टाचं मधलं बटण सुटून थेट पारड्यात जाऊन पडलं, की दुकानदार अगदी आदबीने विचारायचा, "साहेब, हेही वजनात धरायचं का?"

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते बाजाराने ठेवलेलं नाव होतं. तराजूचा काटा केसभर जरी कलला तरी साहेबांच्या भुवया त्याच बाजूला कलत, म्हणून. पुढे ते नाव घरापर्यंत आलं आणि घरातच मुक्कामाला राहिलं.

वजन उतरवायचं तर मोजून खायला हवं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. गेलं वर्षभर जेवणाच्या टेबलावर मिठाच्या भांड्याशेजारी खात्यातून निवृत्त झालेला एक नाजूक तराजू उभा होता. भात तोलून, बटाटा तोलून, लोण्याचा सुरीवर राहिलेला अंशसुद्धा सुरीचं वजन वजा करून. या हिशेबात घरच्यांचं जेवण गार व्हायचं आणि हिशेब संपेपर्यंत साहेबांना अशी कडकडून भूक लागायची की तोललेलं संपल्यावर ते न तोललेल्याकडे वळत. न तोललेलं हिशेबात येत नाही, हा खात्याचाच नियम. वर्षअखेर वजन वाढलं.

"अहो, हे घर आहे की प्रयोगशाळा?" पत्नी म्हणाली आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, "मोजणं बंद. सुट्टीवर जा. मुठीएवढं वाढून घ्या, सावकाश चावा, जेवणाआधी पाणी प्या, भरपूर चाला. वजन आपोआप उतरेल."

'आपोआप' हा शब्द साहेबांना झोंबला. त्यांच्या खात्यात आपोआप काहीच होत नसे. फाइलसुद्धा ढकलल्याशिवाय टेबलावरून हलत नसे. पण पत्नीने तिथल्या तिथे शपथ घातली. सुट्टीत मोजायचं नाही. तराजूला हात लावायचा नाही. वजनकाट्यावर उभं राहावं लागलंच तर डोळे छताकडे.

हे सगळं साहेबांनी निभावून नेलंही असतं, पण सुट्टीला सोबत साडूभाऊ होते.

साडूभाऊ म्हणजे पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धान्याचे व्यापारी, आवाज गोदामाएवढा, पोट त्याहून मोठं, आणि त्या पोटाचा त्यांना साहेबांसारखा संकोच नव्हता, उलट अभिमान होता. बऱ्याच वर्षांपूर्वी साहेबांनी नातं बाजूला ठेवून साडूभाऊंच्या दुकानातला काटा तपासला होता. काटा जास्त दाखवत होता. का दाखवतो ते सापडलं नाही, पण दाखवत होता. साहेबांनी त्यावर 'नामंजूर' असा शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांसमोर तोच काटा शहाण्या मुलासारखा वागला. तेव्हापासून सासुरवाडीच्या प्रत्येक जेवणात साडूभाऊ भात वाढून घेताना म्हणत, "बेताने वाढा हो, साहेब बसलेत. आपला काटा खोटा, पोट तरी खरं असू दे." सगळे हसत. साहेब खोटं बोलले नव्हते, आणि ते खरं होतं याला पुरावा नव्हता. हिशेबाच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

सुट्टीला निघताना साडूभाऊंनी गाडीतच पैज लावली. "साहेब, परत निघताना तुमचं वजन कमी भरलं, तर सासऱ्यांच्या घरी सगळ्यांसमोर कबूल करतो, माझा काटा खोटा होता. नाही भरलं, तर तुम्ही कबूल करायचं, तुमचा शिक्का खोटा होता. बोला!"

"बोला काय, दिलं वचन," साहेब म्हणाले आणि पोट आत ओढलं. ते फारसं गेलं नाही.

"आणि तुमचं वाढलं तर?" ताईने, म्हणजे साडूभाऊंच्या पत्नीने, मागच्या सीटवरून विचारलं. "तुमचं वाढलं ना, तर घरी गेल्यावर भात बंद, गोड बंद, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जी बरणी आहे, जी मला माहीत नाही असं तुम्हाला वाटतं, ती पण बंद."

साडूभाऊ गडगडाटी हसले. पैज लावताना माणूस आपला आकडा कधी बघत नाही.

समुद्रकाठचं ते खाणावळीसकट विश्रामगृह एका मालकीणबाईंचं होतं. पांढरे केस, ताठ कणा आणि पाहुणा उपाशी राहील या कल्पनेनेच ओले होणारे डोळे. दारातच माल तोलायचा जुना फळीचा काटा होता. घरचा रिवाज असा की, आलेला पाहुणा तोलून आत घ्यायचा आणि जाताना तोलून सोडायचा. भोजनगृहाच्या भिंतीवर मोठा फळा होता. त्यावर प्रत्येकाचं येतानाचं आणि जातानाचं वजन खडूने लिहिलेलं. आजवर एकही माणूस इथून हलका होऊन गेला नव्हता. ती मालकीणबाईंची कीर्ती होती.

साहेब फळीवर चढले. डोळे छताकडे. छतावर एक पाल होती, तिचं वजन किती असेल असा विचार मनात आला, तो त्यांनी निग्रहाने परतवला. आयुष्यात प्रथमच ते शून्य न तपासता एखाद्या काट्यावर उभे होते. मालकीणबाईंनी खडूने आकडा लिहिला आणि पत्नीने पुढच्या सगळ्या जेवणांसाठी त्यांची खुर्ची फळ्याकडे पाठ करून मांडून घेतली.

"भरल्यासारखे दिसता, पण इथे आणखी भराल," मालकीणबाई मायेने म्हणाल्या.

"मला उतरायचंय," साहेब म्हणाले.

मालकीणबाईंचा चेहरा असा झाला, की जणू साहेबांनी घरावर दगड मारला.

पहिल्या जेवणाला साहेबांनी मूठ ताटाजवळ धरली. "एवढाच भात." मालकीणबाईंनी मूठ पाहिली. "एवढाच ना? बरं." आणि त्यांनी तो मुठीएवढ्या वाटीत ठासून, दाबून, वरून थापटून असा भरला की उपडा केल्यावर वाटीचा ठसा घेऊन उभाच राहिला. फावड्याने फोडायच्या लायकीचा. आकारमान नियमात, घनता नियमाबाहेर. साहेबांच्या ओठावर नियमावलीतलं कलम आलं होतं, पण पत्नी बघत होती. शेजारी वाटाणे होते. साहेब त्यांच्याकडे एकटक पाहू लागले.

"मोजताय?"

"छे, नुसतं बघतोय."

"ओठ हलतायत."

साहेबांनी ओठ मिटले आणि सावकाश चावायच्या नियमाकडे वळले.

सावकाश चावणं वाटतं तितकं सोपं नाही. साडूभाऊंची माशाची दुसरी ताटली येऊन गेली, गोड आलं, गेलं, पुन्हा आलं. साहेब पहिल्याच घासावर होते. हळूहळू शेजारची टेबलं रिकामी झाली. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या गेल्या. झाडू साहेबांच्या पायांभोवती फिरून गेला. मालकीणबाई दारातून पाहत होत्या. शेवटी त्या आत जाऊन एका पाहुण्याला घेऊन आल्या. गृहस्थ दातांचे डॉक्टर होते, दरवर्षी इथे सुट्टीला येणारे, आणि सुट्टीतही खिशात छोटा आरसा बाळगणारे.

"उघडा," दंतवैद्य म्हणाले.

"अहो, मला काही झालेलं..." साहेब म्हणाले, पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं आणि आरसा आत गेला.

"अरे वा," दंतवैद्य हरखून म्हणाले. "मागची दाढ. कशी काय सहन करता?"

तोवर साहेबांची दाढ दुखत नव्हती. त्यानंतर दुखू लागली. मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि त्या दिवसापासून साहेबांना सगळं लोण्यात मऊ शिजवून, कुस्करून मिळू लागलं. चावायला काही उरलंच नाही, त्यामुळे जेवण दुप्पट वेगाने होऊ लागलं. साडूभाऊ वाटीत बोट बुडवून चाखून म्हणाले, "साहेब, आजारपण असावं तर असं!"

मग पाण्याचा नियम. जेवणाआधी भरपूर पाणी प्यायचं. साहेबांनी घागर रिकामी केली, आणि त्याच दुपारी सगळ्यांना दीपगृह दाखवायला नेण्यात आलं. दीपगृहाला गोल जिना होता, वर प्रकाशाचं यंत्र होतं, माहिती सांगणारा रखवालदार होता. ज्या एका गोष्टीची साहेबांना गरज होती तिला कुलूप होतं. किल्ली रखवालदाराकडे होती, पण ती फक्त कर्मचाऱ्यांसाठी.

"मीही सरकारी कर्मचारीच आहे," साहेब पाय आवळून म्हणाले.

"कुठल्या खात्याचे?"

"वजनमापे."

रखवालदाराने विचार केला. "दीपगृहात वजन नाही आणि माप नाही."

"आता या क्षणी आहे!" साहेब ओरडले. ते झाडीकडे कसे पळाले, त्याचं वर्णन साडूभाऊंनी पुढच्या प्रत्येक जेवणात केलं, दरवेळी झाडी थोडी लांब नेऊन.

राहिलं चालणं. गावातल्या तळ्याभोवती सुरेख फरसबंद वाट होती. साहेब पहाटे बूट बांधून तिथे गेले, तर फाटकावरच्या खिडकीतल्या कारकुनाने हात आडवा केला. चालायला परवाना लागतो.

"द्या मग परवाना."

"प्रयोजन?"

"चालणे."

"कुठून कुठे?"

"इथून इथे. तळ्याला फेरी मारून."

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "म्हणजे शेवटी इथेच यायचंय. मग तुम्ही आलेलेच आहात की."

साहेबांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटला. जरा आठवल्यावर लक्षात आलं की तो त्यांचाच होता. गेल्याच महिन्यात त्यांनी एका दुकानदाराला असंच परत पाठवलं होतं. खिडकीच्या या बाजूने तो इतका भक्कम वाटत नव्हता. ते नम्रपणे म्हणाले, "अहो, वजन उतरवायचंय."

"मग वैद्यकीय प्रयोजन. डॉक्टरांचं पत्र आणा. इथल्या डॉक्टरांचं."

साहेब दंतवैद्याला घेऊन आले. दंतवैद्याने लिहून दिलं, की रुग्णाची मागची दाढ लक्षात घेता तळ्याभोवती चालण्यास हरकत नाही. कारकुनाने पत्र दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि परवाना दिला. इतका सारासार विचार करणारा माणूस आपल्याही खात्यात हवा, असं साहेबांना वाटलं. पण एवढ्या खटपटीत दुपार झाली होती, फाटक बंद व्हायची वेळ झाली होती, आणि समोरच्या बेकरीतून भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाचा वास येत होता. साहेब बेकरीत गेले ते फक्त फाटक पुन्हा कधी उघडतं ते विचारायला. परत आले तेव्हा मिशीला साखर होती.

"मोजले का?" पत्नीने विचारलं.

"शपथ आहे ना," साहेब म्हणाले. या नियमाचा असाही फायदा आहे, हे त्यांना तिथे प्रथम कळलं.

तरीही एक खरं. पुढच्या दिवसांत साहेब पहाटे तळ्याला फेऱ्या मारू लागले, दुपारी समुद्रावर वाळूत पाय रुतवत हिंडू लागले, दाढ खरोखर दुखत असल्याने गोड टाळू लागले आणि अंथरुणाला पाठ टेकताच झोपू लागले. पॅंटचा पट्टा एक भोक आत गेला. ते त्यांनी मोजलं नाही. पट्ट्याने स्वतःहून सांगितलं. निघायच्या सकाळी बूट बांधायला वाकले तर बटण जागच्या जागी राहिलं. साहेबांच्या मनात सासऱ्यांचं भोजनगृह उभं राहिलं, ताटं, माणसं, आणि मध्ये उभे राहून मान खाली घालून बोलणारे साडूभाऊ.

सामान दारात आलं. मालकीणबाई खडू घेऊन तयार. दंतवैद्यासकट सगळे पाहुणे निरोपाला जमले होते.

साहेब फळीवर चढले. डोळे छताकडे. आणि फळीखालून अगदी बारीक आवाज आला. ठण्ण.

येताना हा आवाज नव्हता. साहेबांच्या कानाचे केस उभे राहिले. उभा जन्म त्यांनी काट्यांचे आवाज ऐकले होते. कुठला काटा खोकतो, कुठला कण्हतो, कुठला खोटं बोलताना घसा साफ करतो, सगळं त्यांना पाठ. पण समोर पत्नी उभी होती आणि शपथ अजून संपली नव्हती.

"वाढलं!" मालकीणबाई आनंदाने ओरडल्या. "एका किलोला जरासंच कमी! म्हटलं नव्हतं?"

साडूभाऊंनी टाळी वाजवली. "साहेब! आता म्हणा! इथेच रंगीत तालीम होऊ द्या. शिक्का खोटा होता!"

"हा काटा..." साहेब म्हणू लागले.

"झालं! ऐका मंडळी! यांच्या विरुद्ध गेला की काटा खोटा! माझ्यावेळीही हेच! अहो, साऱ्या जगाचे काटे खोटे आणि तुमचं पोट तेवढं खरं?"

सगळे हसले. साहेबांनी पत्नीकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली. तराजूला हात लावायचा नाही, वचन म्हणजे वचन. साहेबांचे कान लाल झाले. नोकरीत एकही खोटा शिक्का मारलेला नाही एवढीच काय ती त्यांची कमाई होती, आणि ती आता स्वतःच्या तोंडाने खोटी ठरवायची होती. त्यांनी घसा खाकरला. "मी... त्या दिवशी जो शिक्का..."

"थांबा," ताई म्हणाली. "आधी आमचं माप होऊ दे. चढा हो तुम्ही."

"आत्ता? साहेबांचं वाक्य तर पुरं..."

"वाक्य कुठे पळून जात नाही. चढा."

साडूभाऊ चढले. ठण्ण. मालकीणबाईंनी वजनं सरकवली, आणखी सरकवली, मग हर्षाने त्यांचा आवाजच चिरकला. "साडेचार किलो! या घरातला उच्चांक!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने वाजवल्या नाहीत. तिने शांतपणे बोटं दुमडायला सुरुवात केली. "भात बंद. गोड बंद. बरणी बंद. आणि रविवारी तुम्ही मित्राकडे म्हणून जिथे जाता, ते..."

"अगं, साडेचार कसं असेल! खाल्लं थोडं, पण साडेचार?" साडूभाऊंच्या कपाळावर घाम आला. "खोटा आहे! हा काटा साफ खोटा आहे!"

"कशावरून?" साहेब अगदी कार्यालयीन आवाजात म्हणाले.

"कशावरून काय, आत्ता दाखवतो!" साडूभाऊ फळीवरून उतरले, गुडघ्यावर बसले आणि एवढं पोट आड येत असताना, खाली न बघता, इकडेतिकडे न चाचपता, एका झटक्यात फळीखाली डाव्या कोपऱ्यात हात घालून आकड्याला लटकवलेलं दोन किलोचं लोखंडी वजन काढून त्यांनी सगळ्यांसमोर धरलं. "हे बघा! उघड लबाडी आहे ही!"

बाहेर गाडीवाल्याने भोंगा वाजवला.

"अय्या," ताई सावकाश म्हणाली, "तुम्हाला बरं ठाऊक, नेमका कुठे हात घालायचा ते."

साडूभाऊंचा हात तसाच वर राहिला. वजन हातात, तोंड उघडं. आवाज गोदामात कुठेतरी हरवला होता. मग तेच वजन त्यांना दोन किलोहून बरंच जड झाल्यासारखं हळूहळू खाली आलं.

"भाऊजी," साहेबांची पत्नी म्हणाली, "तुमच्या दुकानातही डाव्याच कोपऱ्यात होतं का?"

"तेव्हा... लहान होतं," साडूभाऊ पुटपुटले. "अर्ध्या किलोचं."

मालकीणबाई मात्र जराही शरमल्या नाहीत. त्यांनी वजन साडूभाऊंच्या हातातून काढून घेतलं आणि पदराने पुसलं. "ते आमचं आहे. जाताना प्रत्येकाला लावते. अहो, माझ्या घरून कुणी हलका होऊन गेला, तर लोक काय म्हणतील? उपाशी ठेवलं म्हणतील!"

"म्हणजे," दंतवैद्याने भिंतीवरच्या फळ्याकडे बोट रोखून विचारलं, "दरवर्षी माझे बरोब्बर दोन किलो? आणि घरी गेल्यावर बायको मला महिनाभर नुसतं सूप देते, ते..."

"आता पुन्हा चढा," ताई साहेबांना म्हणाली. "खरं वजन बघू. उतरलं की नाही, एकदाचं कळू दे."

सगळे साहेबांकडे पाहू लागले. साडूभाऊसुद्धा, केविलवाण्या आशेने. साहेबांना मनातल्या मनात वजाबाकी येत होती. ती कधीच झाली होती. पण त्यांनी बॅग उचलली, टोपी घातली आणि फाटकाकडे निघता निघता म्हणाले, "छे. सुट्टीत मोजायचं नाही असं ठरलंय ना?"

मालकीणबाईंनी वाटेसाठी शिदोरी बांधून दिली होती: पाव, लोणी, उकडलेली अंडी आणि मोठा केक. गाडी सुरू झाली. मागच्या सीटवर साडूभाऊ खिडकीबाहेर बघत बसले होते, ताई त्यांच्या शेजारी बसून सासऱ्यांच्या घरी काय बोलायचं ते वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घेत होती. "माझा काटा... पुढे? मोठ्याने म्हणा, गाडीचा आवाज आहे." साहेबांच्या दाढेचं दुखणं अचानक थांबलं. त्यांनी केकचा एक तुकडा घेतला, मग दुसरा घेतला, आणि मग आकाश फार सुंदर दिसत होतं म्हणून आणखी एक.

शेजारी पत्नीचे ओठ हलत होते.

"मोजतेस?" साहेबांनी विचारलं.

"छे," पत्नी म्हणाली. "नुसतं बघतेय."